सेवाग्रामात डॉक्टरकी शिकायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझ्या फोनवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. कुणाला खादीची धास्ती असते, कुणाच्या आईला जेवणाची, कुणाच्या वडिलांना "विद्यापीठ नाशिकला आणि कॉलेज वर्ध्याजवळ, हे काय गौडबंगाल?" हे समजून घ्यायचं असतं. मी इथंच शिकले, म्हणून सगळी उत्तरं एकदा लिहून ठेवते. हे संस्थेचं पत्रक नाही. शुल्क, तारखा आणि जागांचं वाटप दरवर्षी बदलतं, त्यासाठी कार्यालयाची सूचनाच प्रमाण माना. बाकी इथलं जगणं कसं असतं ते मी सांगू शकते.

कॉलेज सेवाग्रामला, विद्यापीठ नाशिकला. मग आम्ही नेमके कुणाचे विद्यार्थी?

दोघांचे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एमजीआयएमएस, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ १९९८ साली झालं. त्याआधी इथल्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या असत, म्हणून जुन्या डॉक्टरांच्या भिंतीवर नागपूरचं प्रमाणपत्र दिसेल.

कामाची वाटणी डोक्यात पक्की करा, पुढची निम्मी धावपळ वाचते. पात्रता, नावनोंदणी, परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट, निकाल, फेरमोजणी, पदवी प्रमाणपत्र ही विद्यापीठाची कामं. शिकवणं, हजेरी, अंतर्गत परीक्षा, वसतिगृह, मेस, बोनाफाईड, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पडताळणी ही कॉलेजची. विद्यापीठाकडचं कामही बहुतेक वेळा कॉलेजच्या विद्यार्थी विभागातूनच पुढं जातं. वर्धा ते नाशिक रोड हे रेल्वेचं अंतर सुमारे ५७० किलोमीटर आहे. एका दाखल्यासाठी रात्रभर प्रवास करून तिथं पोचलेली आणि "कॉलेजमार्फत या" हे ऐकून परतलेली मुलं मी पाहिली आहेत. आधी विद्यार्थी विभागातल्या टेबलाशी जा. तिथं बसणाऱ्या माणसांना नावानं ओळखा, अर्ज दिला की पोच घ्या आणि पोचेचा फोटो काढून ठेवा.

एवढ्या लांब, खेड्यात मेडिकल कॉलेज काढलं तरी का?

हा प्रश्न कुणी कुरकुरत विचारतं, कुणी कुतूहलानं. उत्तर मात्र नीट समजून घ्या, कारण इथले सगळे नियम त्यातूनच आले आहेत.

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल तिकडं जायचं, म्हणून १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या डॉक्टर होत्या. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या बंदिवासात कस्तुरबा गेल्या, तेव्हा सुशीलाबेनही तिथंच कैदेत होत्या. त्यानंतर सेवाग्रामात बायका आणि मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू झाला. आजचं कस्तुरबा रुग्णालय त्यातूनच वाढलं.

सुशीलाबेन १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात टिकत नाही, मग त्याला खेड्यातच शिकवून पाहावं, असा त्यांचा विचार होता. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, हे कॉलेज उभं राहिलं. देशातलं ग्रामीण भागातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे इथं खेडं आधी होतं, कॉलेज त्याच्यासाठी आलं. ही गोष्ट लक्षात असली की "शहरातल्या कॉलेजात हे नसतं" अशी तुलना आपोआप कमी होते.

पोचायचं कसं?

दोन स्टेशनं आहेत, आणि इथं जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी चुकतो. वर्धा जंक्शन हे मुंबई-नागपूर मार्गावर. सेवाग्राम जंक्शन, ज्याला जुने लोक अजून वर्धा पूर्व म्हणतात, तिथं दिल्ली-चेन्नई मार्गही येऊन मिळतो. दक्षिणेकडून किंवा दिल्लीकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या वर्धा जंक्शनला जातच नाहीत. तिकीट काढताना दोन्ही नावं तपासा. वर्ध्याहून सेवाग्राम साधारण ८ किलोमीटर, ऑटो आणि बस मिळतात. विमानानं येणाऱ्यांनी नागपूर गाठायचं, तिथून ७५ किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे.

प्रवेशाला येताना कोणते कागद हाताशी ठेवू?

यादी संस्थेच्या सूचनेत असते. मी फक्त जिथं मुलं अडकतात ते सांगते. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळणं ही सगळ्यात मोठी अडचण, तेव्हा बारावीतच असताना जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत तपासा. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना आधीच्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि ते येईपर्यंत विद्यापीठाची पात्रता अडून राहू शकते. मूळ कागद एकदा जमा झाले की पटकन परत मिळत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या साक्षांकित प्रतींचे तीन-चार संच आणि एक स्कॅन केलेली प्रत स्वतःच्या ईमेलवर.

खादी रोज घालावी लागते का?

हो, इथली ती शिस्त आहे. सुरुवातीला दोन-तीन जोड पुरेत, बाकी वर्ध्यात येऊन घ्या. पहिल्या धुण्यात खादी आटते हे लक्षात ठेवून माप थोडं सैल ठेवा. रंगीत खादी पहिल्यांदा वेगळी भिजवा, नाहीतर खोलीतल्या मैत्रिणीचे पांढरे कुर्ते गुलाबी होतील.

पहिल्या महिन्यात जड वाटते खरी. मग मे महिना येतो, पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि अंगाला चिकटणाऱ्या कापडाऐवजी सुती खादी अंगावर आहे याचं बरं वाटायला लागतं. आणखी एक गोष्ट मला पुढं गावात कळली. माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या घरी कापूस पिकत होता, आणि माझा कुर्ता कशाचा आहे हे तिला हात लावून पाहायचं होतं. बोलणं तिथून सुरू झालं.

जेवणात काय असतं? मांसाहार मिळतो का?

आवारात शाकाहारीच. दारू, सिगारेट, तंबाखू चालत नाही. वर्धा जिल्ह्यात तशीही दारूबंदी आहे. मेसच्या जेवणाबद्दल जगातल्या सगळ्या वसतिगृहांत असतात तशा तक्रारी इथंही असतात. मेस समितीत विद्यार्थी असतात, त्यांच्यापाशी बोला. तिखटाची सवय नसलेल्यांनी विदर्भातल्या तर्रीपोह्यांशी हळूहळू ओळख करून घ्यावी. गावात मात्र कुणी पाटवडी, झुणका-भाकर पुढं केली तर पोट भरलंय म्हणून नाही म्हणू नका, दोन घास खा.

आश्रमात राहावं लागतं म्हणतात ते काय?

पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला सेवाग्राम आश्रमात १५ दिवसांचं संस्कार शिबिर होतं. पहाटे उठणं, सर्वधर्म प्रार्थना, झाडलोट, संडाससफाई, सूतकताई, भांडी घासणं, व्याख्यानं. फोनकडे बघायला फारसा वेळ उरत नाही. पालकांना वाटतं की मुलं रडकुंडीला येतील. येतातही, दोन-तीन दिवस. पण १०० अनोळखी मुलं एका ओळीत बसून ताटं धुतात तेव्हा कोण कुठून आलं, कुणाचा नीटचा क्रमांक किती, हे सगळं लवकर मागं पडतं.

शिबिरात असताना परचुरे कुटीसमोर थोडा वेळ थांबा. परचुरेशास्त्री संस्कृतचे विद्वान होते आणि त्यांना कुष्ठरोग झाला होता. लोक त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत, त्या काळात गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांची शुश्रूषा केली. पुढं त्वचारोगाच्या ओपीडीत कुष्ठरोगाचा पहिला रुग्ण तुमच्यासमोर बसेल, तेव्हा त्याच्या हाताला हात लावून संवेदना तपासताना ही कुटी आठवेल.

दत्तक गाव म्हणजे काय? तिथं आम्ही काय करायचं?

याचं उत्तर लांब आहे. सेवाग्रामला शिकणं आणि दुसरीकडं शिकणं यांत खरा फरक इथंच पडतो.

प्रत्येक तुकडी आसपासचं एक गाव घेते. पहिल्या वर्षी त्या गावात १५ दिवसांचं समाजसेवा शिबिर होतं, मुलं तिथंच मुक्कामाला असतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. घरात किती माणसं, पाणी कुठून येतं, संडास आहे का आणि असला तर वापरतात का, चूल की गॅस, कोण काय कमावतं, कोण काय आजारानं बसून आहे, हे सगळं तुम्ही लिहून काढता. वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासता. शिबिर संपलं तरी नातं संपत नाही. पुढची काही वर्षं ठरलेल्या अंतरानं त्या घरांत जायचं असतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१ नंतरच्या तुकड्यांसाठी कुटुंब दत्तक उपक्रम देशभरातल्या कॉलेजांच्या अभ्यासक्रमात आणला. सेवाग्रामात ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे.

आता करताना काय सांभाळायचं ते. पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका. ओट्यावर बसा, पाणी प्या, घरातल्या बुढीशी बोला. तिला घरातलं सगळं माहीत असतं आणि तिला कुणी विचारत नसतं. कापसाच्या वेचणीत किंवा सोयाबीन निघायच्या दिवसांत दुपारी गेलात तर घराला कडी दिसेल, सगळे वावरात असतात. संध्याकाळी जा. पोळ्याच्या दिवशी बोलावलं तर जरूर जा, बैलांना हात जोडा. "मी करून देतो" असं आश्वासन देऊ नका. ऑपरेशन, सरकारी योजना, घरकुल यांतलं तुमच्या हातात काहीच नसतं आणि लोक तुमचा शब्द लक्षात ठेवतात. "विचारून सांगतो" म्हणा आणि पुढच्या भेटीत, उत्तर नकार असला तरी, सांगा. न विचारता फोटो काढू नका. रुग्णाचा तर मुळीच नाही.

आणि वहीत फक्त आकडे लिहू नका. माझ्या वाट्याच्या एका घरातली सून अशक्त होती, हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या दिलेल्या, तरी फरक नाही. तीन भेटींनंतर कळलं की गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून ती त्या कणगीमागं ठेवत होती. गोळी जेवल्यावर घ्यायची, एवढंच तिला कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. कुठल्याही वॉर्डात हे मला शिकता आलं नसतं, कारण वॉर्डात कणगी नसते.

गावाशी रुग्णालयाचं जुनं नातं समजून घ्यायचं तर ज्वारीची गोष्ट विचारा. सुगीत प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार मिळायचे, अशी विम्याची योजना इथं चालली. लोकांच्या हातात रोख पैसा नव्हता पण धान्य होतं, हे ओळखून ती आखली होती. जाणत्या माणसांना ती अजून आठवते.

मला वऱ्हाडी कळत नाही. रुग्णाशी बोलू कसं?

परराज्यातून आलेली मुलं घाबरतात, पण पुण्या-मुंबईचीही अडखळतात, ते कबूल करत नाहीत एवढंच. इथली मराठी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे. "मला" ऐवजी "मले", "का" ऐवजी "काऊन", "दुखतंय" ऐवजी "दुखून रायलं". "बुढा" आणि "बुढी" हे शब्द उद्धट नाहीत, घरच्या मायेनंच म्हणतात. "पोट्टा", "पोट्टी" म्हणजे मुलगा, मुलगी. "बम" म्हणजे खूप.

खरी अडचण शब्दांची नसून आडपडद्यानं बोलण्याची असते, आणि ती मराठी घरात वाढलेल्यालाही ओळखावी लागते. "दिवस गेलेत" म्हणजे बाई गरोदर आहे. "मोकळी झाली" म्हणजे बाळंत झाली. "अंगावरून जाते" असं म्हणाली तर पांढरं की लाल, हे हळू आवाजात आणि घरची माणसं बाहेर गेल्यावर विचारा. "जीव घाबरते" हे छातीच्या धडधडीपासून पोटातल्या गॅसपर्यंत काहीही असू शकतं. "कणकण" म्हणजे थर्मामीटरवर न दिसणारा पण अंगात जाणवणारा ताप. "धाप" आणि "दम" यांत रुग्ण कधी फरक करतो, कधी नाही, म्हणून "किती पायऱ्या चढल्यावर?", "रात्री उशी किती लागते?" असं विचारा. "लकवा मारला" म्हणजे पक्षाघात. "मिरगी" म्हणजे फिट. "बाहेरचं झालं" असं ऐकलं तर हसू नका, दटावू नका. देवऋष्याकडे जाऊन आले का, त्यानं काय दिलं, किती दिवस गेले, हे शांतपणे विचारलंत तरच आजाराचा इतिहास पूर्ण मिळतो.

शिकायची जागा ओपीडीबाहेरचा बाक आहे. रोज अर्धा तास तिथं बसा. वॉर्डातल्या मावशी आणि परिचारिका यांच्यासारखे शिक्षक नाहीत. त्यांना "मावशी", "सिस्टर" म्हणून आदरानं विचारा, त्या आनंदानं सांगतात. सहा महिन्यांत केरळचा मुलगा "काय होऊन रायलं, बुढेबाबा?" असं विचारताना मी ऐकला आहे, आणि समोरचा बुढा खुदकन हसून सगळं सांगून मोकळा झाला.

रुग्णालय खेड्यातलं, मग पुरेसे रुग्ण बघायला मिळतात का?

भरपूर. शहरात क्वचित दिसणारं इथं रोज दिसतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आहे. पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस यांचे दंश येतात. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा येते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विष अंगात जाऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते इथल्या कुणालाच विसरता आलेलं नाही. आणि विष स्वतःहून प्यायलेला माणूसही येतो. त्याला वाचवताना त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोकडे कर्जाची विचारपूस करायची नसते, पण कर्ज हा त्या आजाराचा भाग आहे हे कळत असायला हवं. संस्थेची ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रं आंजी आणि भिडीला आहेत, तिथंही तुमची पाळी लागते.

हजेरीचे नियम कडक आहेत का?

व्याख्यानांना ७५ टक्के, प्रात्यक्षिक आणि क्लिनिकलला ८० टक्के. दिवाळीला एक आठवडा जास्त राहण्याचा हिशेब परीक्षेच्या आधी चुकतो. पहिल्या वर्षाची विद्यापीठ परीक्षा उत्तीर्ण व्हायला चारच संधी असतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम ९ वर्षांत संपवावा लागतो. एखादा विषय गेला तर लपवू नका. त्या विषयाच्या शिक्षकांकडे त्याच आठवड्यात जा.

फी भरणं अवघड आहे. मदत कुठं मिळते?

पहिली जागा महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, इतर मागासवर्ग यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, आर्थिक-सामाजिक मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफीची तरतूद आहे. तुम्हाला यातलं काय लागू होतं ते शिष्यवृत्तीच्या टेबलाशी विचारा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याही विद्यार्थी कल्याणाच्या योजना आहेत आणि त्यांना अर्ज कमी येतात, कारण मुलांना त्या माहीतच नसतात. शैक्षणिक कर्जात साधारण साडेसात लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टल चालेल यावर विसंबू नका. आधार बँकखात्याशी जोडलेलं नसल्यानं पैसे न आलेली मुलं दरवर्षी असतात.

पुस्तकांवर पहिल्याच महिन्यात पैसे उडवू नका. सीनियरकडून घ्या, ग्रंथालय वापरा.

रॅगिंग होतं का?

कुठल्याही कॉलेजबद्दल "कधीच नाही" असं मी लिहून देणार नाही. कायदा काय आहे ते सांगते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग हा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "ओळख" नावाखाली रात्री खोलीत बोलावणं, कपड्यांवरून, जातीवरून, क्रमांकावरून बोलणं, जर्नल लिहायला लावणं हे सगळं त्यात येतं. जातीवरून काही बोललं गेलं तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही लागू होऊ शकतो. वॉर्डन, रॅगिंगविरोधी समिती किंवा देशव्यापी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. नाव न सांगताही तक्रार करता येते. पालकांनो, मुलगा फोनवर एकदम कमी बोलायला लागला तर "अभ्यास कर" म्हणण्याआधी "कुणी त्रास देतंय का?" विचारा.

मन लागत नाही, झोप येत नाही, काय करू?

आधी हे ऐका: पहिल्या सहा महिन्यांत हे पुष्कळांना होतं. शाळेत पहिला येणारा मुलगा इथं सत्तरावा येतो, शवविच्छेदनाच्या हॉलचा वास नाकातून जात नाही, घर आठशे किलोमीटरवर असतं. आईशी रोज बोला, पण खोलीत कोंडून घेऊन नाही. संध्याकाळी चालताना बोला.

दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण-झोप बिघडली असेल, रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर वाट पाहू नका. मानसोपचार विभाग आवारातच आहे. तिथं ओळखीचे शिक्षक भेटतील म्हणून संकोच वाटला तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मित्राबद्दल शंका आली तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नका, वॉर्डनना उठवा. तो रागावेल, रागावू द्या.

आजारी पडलो, किंवा सुई टोचली तर?

दवाखाना दारातच आहे, तरी विद्यार्थी स्वतःच गोळ्या घेत बसतात. तसं करू नका. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं काम, सुरू होण्याआधी पूर्ण करा.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच कॅज्युअल्टीत जा आणि सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि मग २८ दिवस घ्यायचं. "सर रागावतील" म्हणून रात्र घालवणं ही सगळ्यात महागडी चूक.

उन्हाळा किती कडक असतो?

कडक. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार बाहेर पडणं टाळा, दुपट्टा डोक्याला बांधा, पाण्याची बाटली सोडू नका. डिसेंबरात मात्र रजई लागते, ती घरून आणा. पावसाळ्यात रात्री टॉर्चशिवाय चालू नका आणि बूट झटकून घाला.

नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. हे सगळं आम्हालाही लागू आहे का?

कस्तुरबा नर्सिंग कॉलेज याच आवारात आहे, त्यामुळे शिस्त आणि वातावरण तेच. तुमची नर्सिंग परिषद, हजेरीचे नियम आणि पोस्टिंगचं वेळापत्रक वेगळं. एक मात्र सांगते: रात्रपाळी लवकर सुरू होते. रात्रपाळीनंतरच्या सकाळी आधी झोप, मग फोन.

संध्याकाळी, रविवारी करायचं काय?

मॉल नाही. सायकल घ्या. आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, तिथं नदीच्या पात्रातल्या खडकांवर बसून अभ्यास केलेला मला अजून आठवतो. वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आणि शांतिस्तूप आहे. खेळ, नाटक, गाणं, वादविवाद यांत भाग घ्या. पहिल्या वर्षी "आधी अभ्यास" म्हणून बाजूला राहिलेली मुलं पुढंही बाजूलाच राहतात.

पदवीनंतर खेड्यात काम करावं लागतं का?

साडेचार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाली की ग्रामीण सेवेचं बंधन येतं. त्याच्या अटी आणि न पाळल्यास भरायची रक्कम करारपत्रात असते. प्रवेशाच्या दिवशी गर्दीत सह्या करण्याआधी ते घरच्यांसोबत बसून वाचा.

माझं मत विचाराल तर ही सेवा टाळायचा मार्ग शोधू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता अडलेली बाई येते, रक्त नसतं, वरिष्ठ नसतात, फक्त तुम्ही आणि एक सिस्टर असता. त्या रात्री मला दत्तक गावातली सवय कामी आली: सासूला बाजूला घेऊन दोन वाक्यांत काय चाललंय ते सांगायचं, आणि गाडी बोलवायची.

पालकांनी भेटायला कधी यावं?

पहिल्या महिन्यात येऊ नका, शिबिर सुरू असतं. दिवाळीनंतरचा रविवार चांगला. येताना लाडू-चिवडा एकट्यापुरता आणू नका, खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा आणा. बापूकुटी बघा, ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती. शक्य असलं तर मुलीला विचारा, "तुझी घरं दाखव." ती तुम्हाला दत्तक गावात घेऊन जाईल. तिथं कुणाच्या तरी ओट्यावर तुम्हाला चहा मिळेल आणि घरची बुढी तुमच्या लेकीबद्दल तुम्हालाच चार गोष्टी सांगेल. परतीची गाडी वर्ध्याहून आहे की सेवाग्रामहून, ते तिकिटावर पुन्हा एकदा बघून निघा.